सरकारने माफी मागायची म्हणजे नेमकं काय करायचं?

१५ जून २०१० रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या चौकात हजारो लोक एका मोठ्या पडद्याकडे डोळे लावून उभे होते. पडद्यावर लंडनच्या संसदेतून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून बोलत होते. ३० जानेवारी १९७२ रोजी याच शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या होत्या. तेरा जण त्याच दिवशी मरण पावले, एक जखमी पुढे काही महिन्यांनी गेला. जे झालं त्याचं समर्थन होऊच शकत नाही, असं सांगून कॅमेरून यांनी सरकारच्या आणि देशाच्या वतीने माफी मागितली. चौकात जल्लोष झाला. मग मृतांचे नातलग एकेक करून व्यासपीठावर आले. प्रत्येकाने आपल्या माणसाचं नाव घेतलं आणि तो निर्दोष होता एवढंच सांगितलं. १९७२च्या जुन्या सरकारी अहवालाची एक प्रत तिथे सगळ्यांदेखत फाडण्यात आली.

ती प्रत का फाडली हे कळलं की अर्धा विषय कळतो. गोळीबारानंतर जेमतेम अकरा आठवड्यांत लॉर्ड विजरी यांच्या चौकशीचा अहवाल आला होता. त्याने सैनिकांना बहुतांशी सोडून दिलं आणि मेलेल्यांपैकी काहींनी शस्त्रं चालवली किंवा बॉम्ब हाताळले असावेत, असा दाट संशय नोंदवून ठेवला. ज्या घरांतली तरुण मुलं गेली, त्याच घरांवर सरकारने वर हा डाग लावला. तो पुसण्यासाठी १९९८ मध्ये दुसरी चौकशी नेमावी लागली. ती बारा वर्षं चालली आणि तिच्यावर सुमारे १९ कोटी ५० लाख पौंड खर्च झाले. मेलेल्यांपैकी एकाचाही सैनिकांना धोका नव्हता, हा तिचा निष्कर्ष.

युद्धात किंवा सशस्त्र संघर्षात सरकारच्या हातून सामान्य माणसं भरडली जातात, तेव्हा बहुतेकदा दोन अपराध घडतात. एक तो अत्याचार. दुसरा, त्या अत्याचाराबद्दल सरकारी दप्तरात लिहिलेलं खोटं. मेलेला माणूस परत येत नाही, म्हणून पहिल्या अपराधाची भरपाई कधीच पूर्ण होत नाही. दुसऱ्याची होऊ शकते. पैसे कोणतीही धर्मादाय संस्था देईल, स्मारक गावकरीही उभारतील. पण सरकारने लिहिलेलं खोटं खोडण्याचा अधिकार फक्त सरकारकडे असतो. सरकारांनी माफी मागावी असं आम्ही म्हणतो ते यासाठी. आणि या कसोटीवर घासलं की कोणती माफी खरी आणि कोणती नुसती तोंडदेखली, हेही बऱ्यापैकी कळतं.

अमेरिकेत १९ फेब्रुवारी १९४२च्या आदेशानंतर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, दुकानं, शेतं सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. दप्तरातलं कारण होतं 'लष्करी गरज'. इंडोनेशियातल्या रावागडे गावात ९ डिसेंबर १९४७ रोजी डच सैनिक एका बंडखोर नेत्याला शोधत आले. तो सापडला नाही, म्हणून त्यांनी गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. गावकरी ४३१ मृत्यू सांगत होते, डच सरकार १५० वर अडून होतं आणि जबाबदार अधिकाऱ्यावर खटला भरायचा नाही असंही ठरलं होतं. केनियात १९५०च्या दशकात आपल्या राजवटीविरुद्धचं माउ माउ बंड मोडताना ब्रिटिशांनी छावण्यांमध्ये कैद्यांचा छळ केला. तिथून निघताना बऱ्याच फायली विमानाने इंग्लंडला नेल्या आणि त्या तिथे आहेत हे २०११ मध्ये न्यायालयात खटला उभा राहीपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

आजच्या लोकांनी का मागायची?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि प्रामाणिक आक्षेप हाच. ज्यांनी केलं ते गेले, आज सत्तेत बसलेल्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, मग माफी कोण कोणाची मागतंय?

इथे दोष आणि जबाबदारी यांत फरक करावा लागतो. दोष माणसाचा असतो आणि तो माणसाबरोबर जातो. जबाबदारी राज्यसंस्थेची असते आणि सरकारं बदलली तरी ती संस्था तीच राहते. पैशाच्या बाबतीत यावर कोणी वाद घालत नाही. पहिल्या महायुद्धाच्या भरपाईसाठी काढलेल्या रोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी फेडला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेकडून घेतलेलं कर्ज ब्रिटनने २००६च्या अखेरीस संपवलं. 'ते कर्ज आमच्या आजोबांच्या काळातलं, आम्ही का फेडू' असं दोन्ही देशांत कोणी म्हटलं नाही. जुने तह, जुन्या सीमा, जुनी येणी आपली मानायची आणि जुनी देणी तेवढी नाकारायची, हे चालणार नाही.

दुसरा आक्षेप, त्या काळाची मापं वेगळी होती, आजच्या फूटपट्टीने मोजू नका. ऐकायला हे रास्त वाटतं, पण कागदपत्रं उघडली की बहुतेक वेळा टिकत नाही. आजच्या नामिबियात जर्मन सेनापती फॉन ट्रोथा याने २ ऑक्टोबर १९०४ रोजी हेरेरो लोकांच्या संहाराचा हुकूम काढला. तो हुकूम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द बर्लिनने मागे घ्यायला लावला. केनियातल्या वसाहतीचे महाधिवक्ता एरिक ग्रिफिथ-जोन्स यांनी १९५७ मध्ये गव्हर्नरांना लिहिलं होतं की पाप करायचंच असेल तर ते गुपचूप केलं पाहिजे. चूक कशाला म्हणायचं हे ठाऊक नसलेला माणूस असं पत्र लिहीत नाही. आणि १९०७च्या हेग करारात युद्धनियम मोडणाऱ्या राज्याने भरपाई द्यावी, असं कलम तेव्हाच घातलेलं होतं.

'समोरच्यांनीही केलं की' हा तिसरा. केलं असेलच. त्यांची माफी त्यांच्या सरकारने मागावी, एवढंच त्यावर म्हणता येतं.

शब्दांत काय असतं

मराठीत आपल्याकडे चार शब्द हाताशी आहेत. ओळखपाळख नसलेल्या घरी कोणी गेलं तरी आपण शोक व्यक्त करतो, त्यात आपला काही हात नसतो. खेदात झालं ते वाईट झालं एवढंच येतं. दिलगिरीत थोडा आपला वाटा मान्य होतो, पण सभेला उशीर झाला तरी आपण दिलगिरीच व्यक्त करतो. माफी मागताना मात्र 'हे मी केलं, ते चूक होतं' असं म्हणावं लागतं आणि माफ करायचं की नाही हे समोरच्याच्या हाती द्यावं लागतं. सरकारांचे भाषण लिहिणारे या चार पायऱ्यांवर फार जपून पाय ठेवतात.

कोरियातल्या नो गन री इथे जुलै १९५० मध्ये अमेरिकी सैन्याने निर्वासितांना मारलं. जानेवारी २००१ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी तीव्र खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. केनियाबद्दल ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत मनापासून खेद व्यक्त केला, ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांचा समझोता जाहीर केला आणि त्याच निवेदनात कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारली. जालियनवाला बाग युद्धातली घटना नाही, पण शब्दांचा खेळ तोच. शताब्दीच्या तीन दिवस आधी, १० एप्रिल २०१९ला, ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी खेद व्यक्त केला. माफी तेव्हाही आली नाही.

शब्द किती लागतो याचं बोलकं उदाहरण सप्टेंबर १९७२ मधलं आहे. जपानचे पंतप्रधान तानाका बीजिंगला गेले आणि मेजवानीच्या भाषणात युद्धाबद्दल बोलताना त्यांनी 'मेइवाकु' हा शब्द वापरला. चिनी भाषांतरात त्याचा अर्थ उतरला 'तसदी'. लाखो माणसं मारल्यावर 'तुम्हाला तसदी दिली'. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी सुनावलं की आमच्याकडे रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या झग्यावर चुकून पाणी उडालं तर हा शब्द वापरतात. माफीचा मसुदा तयार करताना तो ज्याला ऐकवायचा त्याच्या भाषेत आधी वाचून पाहावा, हा धडा परराष्ट्र खात्यांनी तिथून घेतला पाहिजे.

शब्दाइतकाच महत्त्वाचा असतो वाक्यातला कर्ता. शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकतो. सरकारी निवेदनांना कर्मणी फार प्रिय: 'नागरिक मारले गेले', 'चुका घडल्या'. २७ मे २०१६ रोजी हिरोशिमात ओबामांचं भाषण सुरू झालं तेच 'आकाशातून मृत्यू कोसळला' अशा अर्थाच्या वाक्याने. विमान कोणाचं, बॉम्ब कोणी टाकला, हे त्या वाक्यात नाही. याच्या उलट १६ जुलै १९९५ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष झाक शिराक बोलले. जुलै १९४२ मध्ये फ्रेंच पोलिसांनी १३,१५२ ज्यूंना पकडून छळछावण्यांकडे पाठवलं होतं. पन्नास वर्षं फ्रान्स म्हणत होता की ते जर्मनव्याप्त काळातल्या विशी सरकारने केलं, खऱ्या प्रजासत्ताकाचा त्याच्याशी संबंध नाही. शिराक यांनी सांगितलं की आक्रमकांच्या या गुन्ह्याला फ्रेंचांनी, फ्रेंच राज्याने साथ दिली, आणि हे कधीही मुदतबाह्य न होणारं ऋण आहे. त्या भाषणाचा सगळा जोर कबुलीवर होता आणि तेवढ्यानेच फ्रान्समधली चर्चा कायमची बदलली. 'सॉरी' कितीदा म्हटलं यापेक्षा कर्ता सापडतो का, हे आधी पाहावं.

एवढी काटकसर का, तर वकिलांची भीती. माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली, कबुली म्हणजे दाव्यांची रांग. आंतरराष्ट्रीय कायदा मात्र माफीकडे भरपाईचाच एक प्रकार म्हणून पाहतो. राज्यांच्या जबाबदारीवर संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने २००१ मध्ये केलेल्या नियमांत चुकीची कबुली, खेद आणि औपचारिक माफी असे तिन्ही प्रकार नोंदलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५ मध्ये मान्य केलेली तत्त्वं आणखी पुढे जातात: जाहीर माफीत घटना मान्य करणं आणि जबाबदारी स्वीकारणं दोन्ही यावं. शिवाय पीडितांना परदेशी न्यायालयात दाद मागणं मुळातच अवघड आहे. नाझींच्या अत्याचारांबद्दल इटलीतल्या न्यायालयांनी जर्मनीला जबाबदार धरलं, तेव्हा ३ फेब्रुवारी २०१२ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की एका देशाला दुसऱ्याच्या न्यायालयात असं खेचता येत नाही. खटल्याची वाट अशी अरुंद असताना सरकारने आपण होऊन केलेल्या माफीचं मोल वाढतं.

नीट केलेलं एक उदाहरण

अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांची माफी कशी मागितली, हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखं आहे, कारण त्यातला क्रम बरोबर होता. १९८० मध्ये काँग्रेसने चौकशी आयोग नेमला. १९८१ मध्ये त्याने शहराशहरांत सुनावण्या घेऊन साडेसातशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. छावण्यांत राहिलेले कित्येक जण त्याबद्दल घरातही कधी बोलले नव्हते, ते तिथे पहिल्यांदा बोलले. आयोगाचा निष्कर्ष असा की लष्करी गरज नव्हतीच. कारणं तीन: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. १० ऑगस्ट १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात हीच तीन कारणं उतरवली, राष्ट्राच्या वतीने माफी मागितली आणि त्या दिवशी हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २० हजार डॉलर ठरवले. वकिलांची भीतीही त्यात मिटवली होती: पैसे स्वीकारले की त्या व्यक्तीचे सरकारवरचे दावे संपतात, असं कलम होतं.

पैसे वाटताना आधी सर्वांत वयोवृद्धांना बोलावलं. ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनमधल्या समारंभात पहिला धनादेश १०७ वर्षांच्या गृहस्थांना मिळाला. चाकाच्या खुर्चीत बसलेल्यांना धनादेश देताना महाधिवक्ते डिक थॉर्नबर्ग गुडघ्यांवर बसले. सोबत अध्यक्षांच्या सहीचं पत्र होतं. शेवटी ८२,२१९ जणांना रक्कम मिळाली. सुरुवातीला मंजूर केलेला निधी अपुरा पडला, म्हणून १९९२ मध्ये कायदा दुरुस्त करून तो वाढवला. खोटं खोडण्याचं कामही तिथे थांबलं नाही. छावण्यांविरुद्धच्या खटल्यांत सरकारी वकिलांनी १९४०च्या दशकात जपानी वंशाच्या लोकांना अनुकूल असा नौदलाचा गुप्तचर अहवाल सर्वोच्च न्यायालयापासून लपवला होता, हे २०११ मध्ये सरकारच्याच वकिलाने जाहीरपणे मान्य केलं.

तरीही एक भोक राहिलं. युद्धकाळात अमेरिकेने पेरू आणि इतर देशांतून सुमारे २,२०० जपानी वंशाच्या लोकांना उचलून आपल्या छावण्यांत ठेवलं होतं. ते ना नागरिक होते ना कायम रहिवासी, म्हणून १९८८च्या कायद्यातून वगळले गेले. त्यांना खटला भरावा लागला आणि १९९८ मध्ये माफीसह मिळाले फक्त ५ हजार डॉलर. पात्रतेची व्याख्या करणारं कलम हे अशा कायद्यातलं सर्वांत धोक्याचं कलम असतं.

बिघडतं कुठे

बहुतेक वेळा पीडितांना न विचारल्यामुळे. जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांबद्दल सरकारने ४ ऑगस्ट १९९३ रोजी माफी मागितली. पुढे १९९५ मध्ये जो निधी उभारला त्यातली प्रत्येकी २० लाख येनची रक्कम मात्र जनतेच्या देणग्यांतून दिली. पंतप्रधानांचं पत्र सोबत होतं, वैद्यकीय मदत सरकारी पैशांतून होती, पण भरपाई म्हणून राज्याचा खिसा उघडला नाही. दक्षिण कोरियातल्या अनेक वृद्ध स्त्रियांनी ते पैसे नाकारले. आम्हाला दान नको, हे त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. फिलिपिन्स, कोरिया आणि तैवान मिळून शेवटी २८५ स्त्रियांनी रक्कम घेतली. मग २८ डिसेंबर २०१५ रोजी जपान आणि दक्षिण कोरियाच्या सरकारांनी करार केला. या वेळी १०० कोटी येन सरकारी तिजोरीतून होते, म्हणजे जुनी चूक सुधारली होती. पण हा प्रश्न 'अंतिमतः आणि अपरिवर्तनीयपणे' मिटल्याचं जाहीर करताना त्या स्त्रियांना आधी विचारलंच नव्हतं. तीन वर्षांत दक्षिण कोरियाने त्यासाठीची संस्था गुंडाळली. माफ केलं हे म्हणायचा हक्क एका परराष्ट्रमंत्र्याने दुसऱ्याला देऊन चालत नाही.

नामिबियातही तेच झालं. जर्मनीने मे २०२१ मध्ये 'आजच्या दृष्टीने नरसंहार' असे शब्द वापरले आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो विकासकामांसाठी द्यायचं मान्य केलं, मात्र त्याला भरपाई म्हटलं नाही. हेरेरो आणि नामा समाजाच्या अनेक प्रतिनिधींनी ते फेटाळलं, कारण बोलणी दोन सरकारांत झाली होती. नो गन रीच्या बाबतीत अमेरिकेने स्मारक आणि शिष्यवृत्ती देऊ केली, पण ती युद्धातल्या सगळ्याच मृत नागरिकांसाठी होती. वाचलेल्यांनी ती घेतली नाही.

दुसरी गोची असते माफी कोण मागतं ही. जून १९९५ मध्ये जपानच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने युद्धाबद्दल ठराव केला, त्यात आत्मपरीक्षण होतं, माफी नव्हती आणि बरेच सदस्य गैरहजर राहिले. दोन महिन्यांनी पंतप्रधान मुरायामा यांनी निःसंदिग्ध माफी मागितली. ती मंत्रिमंडळाच्या निर्णयाने मागितली होती, म्हणून पुढची सरकारंही ती आपली मानत आली. पण मंत्री अधूनमधून उलट बोलत राहिले आणि दर वेळी माफी पुन्हा पहिल्यापासून मागा, अशी मागणी आली. मतभेद असतील तिथे एका नेत्याच्या भाषणापेक्षा कायदा आणि पाठ्यपुस्तक जास्त टिकतं.

ठिकाण आणि भाषा यांचं महत्त्व ग्वाटेमालाच्या एका निकालात स्पष्ट दिसतं. १८ जुलै १९८२ रोजी तिथल्या सैन्याने प्लान दे सांचेस गावात २६८ लोकांना मारलं, बहुतेक माया आची समाजाचे. २००४ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने नुसतं 'माफी मागा' असं न म्हणता तपशील ठरवून दिला: कार्यक्रम त्या गावातच व्हावा, उच्चपदस्थांनी हजर राहावं, तो स्पॅनिश आणि माया आची अशा दोन्ही भाषांत व्हावा, गावकऱ्यांच्या प्रथा पाळाव्यात. १८ जुलै २००५ रोजी उपाध्यक्षांनी गावात जाऊन माफी मागितली.

रावागडेच्या विधवांनी नेदरलँड्समधल्या हेग शहरात खटला भरला, तेव्हा डच सरकारने मुदत उलटून गेल्याचा मुद्दा पुढे केला. १४ सप्टेंबर २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूताने गावात जाऊन माफी मागितली आणि प्रत्येक विधवेला २० हजार युरो मिळाले. मात्र रक्कम फक्त विधवांना मिळाली, त्याच दिवशी वडील किंवा भाऊ गमावलेल्या इतरांना नाही. साहजिकच गावात कुरबुर झाली आणि पैशांतला मोठा भाग इतरांत वाटण्यासाठी त्या म्हाताऱ्या बायकांवर दबाव आला. आधी गावात बसून विचारलं असतं तर हे टळलं असतं. दाव्यांचा पूर येईल ही भीती मात्र खोटी ठरली. २०१३ मध्ये सरकारने अशाच इतर हत्यांमधल्या विधवांसाठी त्याच रकमेची योजना काढली, २०२० पासून मुलांनाही थोडी रक्कम मिळू लागली आणि डच तिजोरी काही रिकामी झाली नाही. १५० की ४३१, हा वाद मिटायच्या आधी सरकार माफी मागू शकलं, हेही त्यातून दिसलं.

त्या खटल्यात विधवांसोबत एक पुरुषही होता, रांगेत उभं केलेल्यांपैकी जिवंत राहिलेला शेवटचा. निकाल लागायच्या चार महिने आधी, ८८व्या वर्षी, तो गेला.